शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना : दुर्बीण, रोबोट आणि आपले रुग्णालय

(विश्वस्त मंडळ व देणगीदार यांच्या वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने झालेले भाषण)



वार्षिक सभेत प्रशासनाने बोलावे ते जमाखर्चावर, असा आपला प्रघात आहे. आमचे शिक्षणही वाणिज्य शाखेचे. खतावणी, घसारा आणि लेखापरीक्षकांचे शेरे एवढ्यापुरताच आमचा अधिकार. ते सर्व पुढील पानांवर छापले आहेच. आज अध्यक्षांच्या अनुज्ञेने निराळ्या विषयावर चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत, आणि त्याला कारणही तसेच घडले आहे.

आपल्या मूत्ररोग शल्य विभागासाठी शस्त्रक्रियेचा रोबोट घ्यावा, त्याकरिता मोठी रक्कम आम्ही देऊ, अशी तयारी एका दानशूर कुटुंबाने दर्शविली आहे. नाव प्रसिद्ध करू नये ही त्यांची इच्छा. त्यांच्या वडिलांचे मूत्रपिंड अनेक वर्षांपूर्वी अन्य शहरातील एका रुग्णालयात, कुशीत मोठा छेद घेऊन काढावे लागले होते. त्यानंतरच्या चार रात्री वडिलांनी ज्या अवस्थेत काढल्या त्या मुले विसरलेली नाहीत. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात पहिलीच ओळ ‘कमी वेदना’ अशी आहे, आणि ती वाचूनच त्यांनी आपल्याशी संपर्क साधला. विश्वस्त मंडळाने प्रशासनास विचारले, की ही ओळ कितपत खरी? आपल्याकडे दुर्बिणीच्या, म्हणजे लॅपरोस्कोपीच्या शस्त्रक्रिया होतच आहेत. त्यांच्या तुलनेत रोबोटने आपल्या रुग्णांच्या वेदना कमी होतील काय? आमचे मूत्ररोग शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ यांनी वेळ काढून आम्हास प्रसिद्ध झालेले अभ्यास समजावून दिले. त्यातून जे हाती आले ते आपणापुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. ‘कमी वेदना’ म्हटले की कशापेक्षा कमी, हे विचारावे लागते. दूध स्वस्त झाले असे म्हणणाऱ्याला आपण कालच्या भावापेक्षा की गेल्या वर्षीच्या, असे विचारतोच. मोठा छेद घेऊन केलेल्या उघड्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत दुर्बीण निश्चितच कमी क्लेशाची आहे. १९९० साली अमेरिकेतील सेंट लुई येथे डॉ. राल्फ क्लेमन यांनी दुर्बिणीतून पहिले मूत्रपिंड काढले. पुढे जगभर हा मार्ग रुळला, तो मुख्यत्वे रुग्ण लवकर उठून चालू लागतो म्हणून. रोबोट आला तो या दुर्बिणीच्याच घरात. अमेरिकेत दा विंची यंत्रास मान्यता मिळाली ती २००० साली. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी ही पद्धत पुढे नेण्यात डेट्रॉईटमधील भारतीय वंशाचे डॉ. मणी मेनन यांचा मोठा वाटा आहे. आपल्या देशात दिल्लीच्या एम्समध्ये मूत्ररोगासाठी हे यंत्र २००६ साली आले. आणि वर्सिअस या ब्रिटिश रोबोटची माणसांवरील पहिली चाचणी २०१९ मध्ये आपल्या पुण्यात झाली, हे ऐकून काही सभासदांस अभिमान वाटेल. परंतु रोबोट स्वतः काही करीत नाही. शल्यविशारद बाजूच्या आसनावर बसून हात हलवितात आणि त्यांच्या हालचाली यंत्राच्या बाहूंकडून पोटात उतरतात. पोटात शिरण्याचा मार्ग मात्र दोन्हींत तोच : चारसहा लहान छिद्रे आणि पोट फुगविण्यासाठी भरलेला कार्बन डायऑक्साइड.

हे एकदा ध्यानात आले, की दुखते कुठे हा प्रश्न सोपा होतो. आम्ही भूलतज्ज्ञांस विचारले, तेव्हा त्यांनी बोटांवर मोजून दाखविले.

छिद्रे तर दुखतातच, पण ती फार नव्हेत. रोबोटचे समर्थक असे सांगतात, की यंत्राचा बाहू पोटाच्या भिंतीतील एका ठरलेल्या बिंदूभोवती फिरतो, त्यामुळे हाताने चालविलेल्या उपकरणाप्रमाणे भिंतीवर ताण पडत नाही. हे तर्कास धरून आहे. मात्र काढलेले मूत्रपिंड आठ मिलिमीटरच्या छिद्रातून बाहेर येत नाही! त्यासाठी ओटीपोटावर किंवा अन्यत्र एक स्वतंत्र छेद द्यावाच लागतो, आणि तो रोबोटलाही चुकत नाही, दुर्बिणीलाही नाही. खोकताना, कूस बदलताना रुग्ण ज्या जागेवर हात दाबून धरतो ती बहुधा हीच जागा असते.

दुसरे दुखणे खांद्याचे. शस्त्रक्रिया पोटाची आणि दुखतो खांदा, म्हणून नातेवाईक घाबरून कार्यालयापर्यंत येतात, हे आम्ही स्वतः अनेकदा अनुभवले आहे. पोटात भरलेला वायू श्वासपटलास डिवचतो, आणि त्या पडद्याची मज्जा मानेतून येत असल्याने मेंदूस ती वेदना खांद्यात भासते. शस्त्रक्रिया संपताना उरलेला वायू फुप्फुसे फुगवून नीट बाहेर काढला, अथवा वायूचा दाब नेहमीच्या बारा ते पंधरा मिलिमीटरऐवजी शक्य तेथे कमी ठेवला, तर हा त्रास घटतो. यास यंत्र लागत नाही, दोन मिनिटांचा धीर लागतो.

तिसरे दुखणे लघवीच्या नळीचे. ज्यांनी हे सोसले आहे त्यांना सांगावयास नको. नळी असूनही सतत लघवीची घाई होते, ओटीपोटात कळ येते, रुग्ण बिछान्यावर स्वस्थ पडू शकत नाही. ही मूत्राशयाच्या आकुंचनाची वेदना आहे आणि तिच्यावर मॉर्फिनचाही म्हणावा तसा उपयोग होत नाही. त्यासाठी आकुंचन शमविणारी सोलिफेनासिन, टोल्टेरोडिन यांसारखी वेगळी औषधे आहेत. मूत्रनलिकेत स्टेंट ठेवला असेल तर त्याची कळ निराळीच, आणि तीस टॅम्सुलोसिनसारख्या औषधाने उतार पडतो. मूत्ररोगाच्या रुग्णाची ही जी खास वेदना आहे, तिच्याशी शस्त्रक्रिया रोबोटने झाली की हाताने, याचा काडीचाही संबंध नाही. माहितीपत्रकात या नळीचा उल्लेख आम्हास कोठेही आढळला नाही.

आता अभ्यासांकडे वळू. २००५ साली अमेरिकेतील नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील मंडळींनी प्रोस्टेटची शस्त्रक्रिया रोबोटने आणि उघड्या पद्धतीने झालेल्या रुग्णांच्या वेदनांची नोंद ठेवली. दोन्ही गटांना वेदनाशामक उपचार एकाच आखीव पद्धतीने दिले होते. निष्कर्ष असा निघाला, की दोन्ही गटांत वेदना कमीच होत्या आणि त्यांच्यात रुग्णाला जाणवेल असा फरक नव्हता. आम्हास हा अभ्यास सर्वांत बोलका वाटला. यंत्राविरुद्ध बोलतो म्हणून नव्हे. वेदनाशामक उपचार वेळेवर आणि शिस्तीने दिले, तर उघड्या छेदाचा रुग्णसुद्धा सुसह्य रात्र काढू शकतो, हे त्यात दिसते.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे ३२६ पुरुषांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून हीच तुलना झाली आणि ती २०१६ मध्ये लॅन्सेट नियतकालिकात आली. तेथे पहिल्या काही दिवसांत रोबोटच्या गटाला दुखणे कमी होते. बारा आठवड्यांनंतर लघवीवरील ताबा आणि इतर कार्यांत दोन्ही गट सारखेच भरले. कॉक्रेन संस्थेने २०१७ मध्ये सर्व उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा दुर्बीण व रोबोट यांची उघड्या शस्त्रक्रियेशी काटेकोर तुलना करणाऱ्या चाचण्या दोनच सापडल्या, आणि पहिल्या आठवड्यातील वेदनांतला फरक अल्प, कदाचित महत्त्वाचाही नसेल, असे मत त्यांनी नोंदविले.

परंतु हे झाले उघड्या शस्त्रक्रियेशी. आपला प्रश्न दुर्बिणीशी तुलनेचा. त्यावर काटेकोर काम थोडे आहे, आणि त्यातील एक आपल्या शेजारच्याच गुजरातेत, नडियाद येथील मूत्ररोगाच्या ख्यातनाम रुग्णालयात झाले. मूत्रपिंड दान करणाऱ्या ४५ दात्यांवर ही तुलना करून ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. तेथे रोबोटच्या गटाला दुखणे कमी, वेदनाशामके कमी आणि मुक्कामही कमी लागला. मात्र मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा थांबल्यापासूनचा उष्ण काळ रोबोटमध्ये अधिक होता. हा निष्कर्ष रोबोटच्या बाजूचा आहे आणि तो लपवून ठेवणे आम्हास शोभणार नाही. दाता हा आजारी माणूस नसतो. आपल्या माणसासाठी तो स्वखुशीने शरीराचा भाग देतो, त्याची प्रत्येक कळ वाचविणे मोलाचे आहे. तरीही पंचेचाळीस ही संख्या लहान आहे. शून्य ते दहा या मापावर सुमारे एकापेक्षा कमी फरक पडला तर तो रुग्णास जाणवतोच असे नाही, असे भूलशास्त्रातील जाणकार मानतात. म्हणून एवढ्यावर कोट्यवधींचा निर्णय करावा काय, असा प्रश्न आमच्यासारख्या हिशेबनिसास पडणे स्वाभाविक आहे.

हिशेबाचा विषय निघालाच आहे, तर एक आकडा सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेत २००३ ते २०१५ या काळात मूत्रपिंड काढून टाकण्याच्या २३,७५३ शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. रोबोटचे प्रमाण त्या काळात शेकडा दीडवरून शेकडा सत्तावीसवर गेले. गुंतागुंतीच्या प्रमाणात फरक नव्हता. शस्त्रक्रियेचा वेळ रोबोटमध्ये अधिक लागला आणि प्रत्येक रुग्णामागे रुग्णालयाचा खर्च सुमारे २,६७८ डॉलरने वाढला. अमेरिकेचे डॉलर आपल्या रुपयांस लावू नयेत, हे आम्ही जाणतो. पण खर्चाची जात तीच आहे. यंत्र देणगीत मिळाले तरी त्याचा वार्षिक देखभाल करार देणगीत मिळत नाही, आणि त्याच्या बाहूंना लागणारी उपकरणे ठरावीक वेळा वापरली, की यंत्रच ती नाकारते, मग ती डोळ्यांस कितीही नवी दिसोत. घसारा तर आहेच. हा खर्च कोणाच्या बिलात घालावयाचा? आपण धर्मादाय रुग्णालय आहोत. २००६ साली उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार शेकडा दहा खाटा निर्धन आणि शेकडा दहा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात आणि एकूण बिलाच्या शेकडा दोन रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. यंत्र आले तर त्याची सेवा त्या खाटांवरील रुग्णासही तितक्याच सन्मानाने मिळाली पाहिजे, नाही तर एकाच वॉर्डात दोन प्रकारच्या वेदना नांदू लागतील.

रोबोटवर अन्याय होऊ नये म्हणून एवढे सांगणे प्राप्त आहे, की त्याचे खरे बळ वेदना कमी करण्यात नाही, ते इतरत्र आहे. मूत्रपिंडाचा फक्त गाठीचा भाग काढून उरलेले शिवावयाचे असते तेव्हा त्या मनगटाप्रमाणे वळणाऱ्या उपकरणांची किंमत कळते. प्रोस्टेटच्या बाबतीत जर्मनीतील बहुकेंद्री चाचणीत रोबोट आणि दुर्बीण यांची थेट तुलना झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत तीन महिन्यांनी लघवीवरील ताबा रोबोटच्या गटात अधिक जणांना आला होता. आणि एक वेदना अशी आहे जिची कोणी नोंद घेत नाही, ती म्हणजे शल्यविशारदांची. चारपाच तास हात उंच धरून, मान वाकडी करून दुर्बिणीचे काम करणाऱ्या आमच्या डॉक्टरांची मान आणि खांदे काय बोलतात ते आम्ही संध्याकाळी चहाच्या वेळी ऐकतो. रोबोटच्या आसनावर हा त्रास घटतो. यास्तव यंत्र नकोच, असे आमचे म्हणणे नाही. ‘कमी वेदना’ या कारणासाठी ते आधी घ्यावे, याला मात्र आमची संमती नाही.

मग वेदना कमी होते कशाने? येथे आम्हास थोडे विस्ताराने बोलावयाचे आहे.

आपल्याकडील अनेक रुग्णालयांत रुग्णाच्या कागदावर वेदनाशामकापुढे ‘एस.ओ.एस.’ अशी तीन अक्षरे लिहिलेली असतात. अर्थ असा, की रुग्णाने मागितले तर द्यावे. आता मागावयाचे कोणी? आपला ग्रामीण रुग्ण, विशेषतः वयस्क पुरुष, दुखते असे सांगत नाही. परिचारिकेने विचारले, “काका, दुखतंय का?” तर उत्तर ठरलेले, “थोडं दुखणारच की, ऑपरेशनच केलंय.” सिस्टर बिचारी ‘वेदना नाही’ असे लिहून पुढच्या खाटेकडे जाते. आमच्या मेट्रन बाईंनी हा प्रश्न बदलून घेतला आहे. आता विचारतात, “काका, खोकून दाखवा बरं. उठून बसा. आता दहापैकी किती?” ज्यांना अंक जमत नाहीत त्यांना रुपयातील आणे विचारतात, आणि जुन्या मंडळींना ते फार चटकन कळते. निजलेल्या माणसाची वेदना आणि खोकणाऱ्या माणसाची वेदना यांत फार अंतर आहे. आणि जो दुखते म्हणून खोकत नाही त्याच्या छातीत कफ साठतो, जो चालत नाही त्याच्या पायात रक्त गोठण्याची भीती असते.

डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी १९९३ पासून मांडलेला विचार असा, की एकाच तीव्र औषधावर भिस्त न ठेवता वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधे थोडीथोडी, ठरलेल्या वेळी द्यावीत. छिद्रांच्या जागी बधिरतेचे इंजेक्शन. पोटाच्या भिंतीतील मज्जातंतूंना सोनोग्राफीच्या साहाय्याने दिलेली बधिरता. ठरलेल्या तासांनी पॅरासिटामॉल. आणि जेथे चालेल तेथे सूजविरोधी वेदनाशामक. ‘जेथे चालेल तेथे’ हे शब्द मूत्ररोगात महत्त्वाचे आहेत. एक मूत्रपिंड काढलेल्या वा आधीच मूत्रपिंड दुबळे असलेल्या रुग्णास डायक्लोफिनॅक, केटोरोलॅक ही औषधे सर्रास देता येत नाहीत. अशा वेळी अफूजन्य औषधांचा आधार लागतो, आणि तेथे आपल्या समाजात दोन टोके आहेत.

एक टोक भीतीचे. मॉर्फिन म्हटले की नातेवाईक दचकतात, “सवय तर लागणार नाही ना?” शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस देखरेखीखाली दिलेल्या औषधाने सहसा व्यसन जडत नाही, हे समजावून सांगावे लागते. कायद्याची भीतीही होती. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली इतके परवाने लागत, की पुष्कळ रुग्णालये मॉर्फिन ठेवीतच नसत. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल यांसह सहा औषधे अत्यावश्यक अमली औषधे ठरली आणि मान्यताप्राप्त संस्थेस एकाच खिडकीतून परवानगी मिळण्याची सोय झाली. पुढे २०१८ मध्ये ट्रॅमाडॉलही या कायद्याच्या कक्षेत आले. साठ्याची वही, कुलूप, दोन सह्या हे सारे आमचे खाते सांभाळते. वहीच्या कंटाळ्यापायी रुग्णाने तळमळावे, हे आम्हास मान्य नाही.

दुसरे टोक अतिरेकाचे, आणि ते अमेरिकेने दाखविले. तेथे वेदनेस पाचवे लक्षण मानून प्रत्येक रुग्णाची वेदना शून्यावर आणण्याचा आग्रह झाला आणि घरी जाताना गोळ्यांचे डबे दिले गेले. जॉन्स हॉपकिन्सच्या एका अभ्यासात, प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर घरी दिलेल्या अशा गोळ्यांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक वापरल्याच गेल्या नव्हत्या असे आढळले. त्या उरलेल्या गोळ्या कोणाच्या हाती जातात, हे त्या देशाने दुःखाने पाहिले. आपल्याकडे रुग्ण घरी जाताना पॅरासिटामॉल, गरजेनुसार नळीच्या कळेवरील औषध आणि रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक नेतो. बहुतेकांस तेवढे पुरते.

आता प्रशासनाची सूचना. देणगीदार कुटुंबाशी आमची दोनदा सविस्तर बोलणी झाली. त्यांना आम्ही हे सारे असेच सांगितले. देणगीच्या पहिल्या हप्त्यातून वेदनाशमनाची स्वतंत्र व्यवस्था उभारावी, असा आमचा प्रस्ताव आहे : तिन्ही पाळ्यांत फिरणारी प्रशिक्षित परिचारिका, विशेषतः रात्रपाळीत, कारण वेदना रात्री दोन वाजता वाढते आणि त्या वेळी वॉर्डात माणसे सर्वांत कमी असतात; रुग्णाने स्वतः कळ दाबून ठरावीक मात्रा घेता येईल असे काही पंप; शस्त्रक्रियागृहात बधिरतेसाठी एक सोनोग्राफी यंत्र, ज्याची गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणी आम्ही करून घेऊ; आणि कनिष्ठ डॉक्टरांचे प्रशिक्षण. वर्षभर प्रत्येक मूत्ररोग रुग्णाची खोकतानाची वेदना, नळीची कळ आणि लागलेली औषधे यांची नोंद ठेवावी. रोबोटसाठी ज्यांना खरा लाभ आहे अशा रुग्णांना, मुख्यतः मूत्रपिंड वाचविण्याच्या शस्त्रक्रियांना, तूर्त यंत्र असलेल्या रुग्णालयाशी करार करून पाठवावे व निर्धन रुग्णाचा फरक निधीतून भरावा. यंत्राचा निर्णय त्या नोंदी हाती आल्यावर विश्वस्त मंडळाने घ्यावा.

हा प्रस्ताव ऐकून कुटुंबातील ज्येष्ठ भगिनींनी आम्हास एकच विचारले, “म्हणजे रात्री दोन वाजता माझ्या वडिलांना कुणी विचारलं असतं, असं तुम्ही म्हणता?” आम्ही होय म्हणालो. त्यांनी विचार करण्यास पंधरा दिवस मागितले आहेत. त्यांचे पत्र आल्यावर ते आणि खर्चाचा तपशील पुढील बैठकीत विश्वस्त मंडळापुढे ठेवण्यात येईल. अभ्यासांची मराठी टिपणे कार्यालयात आहेत, ज्या सभासदांस पाहावयाची असतील त्यांनी कामाच्या वेळेत अवश्य यावे.